टॅक्स बिलावरचे अनोळखी डिस्ट्रिक्ट: अमेरिकेत नव्याने घर घेणाऱ्यांसाठी

ह्यूस्टनजवळ फोर्ट बेंड काउंटीत आम्ही घर घेतलं त्या वर्षी प्रॉपर्टी टॅक्सची दोन पाकिटं आली. पहिल्यावर काउंटीच्या टॅक्स ऑफिसचं नाव होतं, ते उघडलं आणि वेळेत भरून टाकलं. दुसऱ्यावर कुठल्याशा खाजगी टॅक्स कलेक्टरचा पत्ता होता आणि आत 'म्युनिसिपल युटिलिटी डिस्ट्रिक्ट क्रमांक अमुक' असं छापलेलं होतं. मला ती जाहिरात वाटली. पाकीट पिझ्झाच्या कुपनांखाली पडून राहिलं. टेक्ससमध्ये टॅक्स भरायची मुदत ३१ जानेवारीला संपते. फेब्रुवारी उजाडला की ६ टक्के दंड आणि १ टक्का व्याज चढतं. दुसरी नोटीस आली तेव्हा त्या पाकिटात एक अख्खं सरकार होतं हे कळलं. त्याला पाच संचालक होते, कर्जरोखे काढायचा अधिकार होता, आणि माझ्या घरावर कर लावायचाही.

दरवर्षी मंडळाच्या गणपतीत कुणी ना कुणी नवीन घर घेतलेलं भेटतं आणि विचारतं, "हे मड काय असतं हो?" मड म्हणजे त्या पाकिटावरच्या म्युनिसिपल युटिलिटी डिस्ट्रिक्टचं लघुरूप (एमयूडी). त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहितो आहे. उदाहरणं बरीचशी टेक्ससची आहेत, कारण मी इथे राहतो. पण तपासायची रीत कॅलिफोर्निया, न्यू जर्सी, इलिनॉय, फ्लोरिडा, सगळीकडे तीच.

पायरी १: डोक्यातला 'जिल्हा' बाजूला ठेवा

आपल्याकडे डिस्ट्रिक्ट म्हटलं की जिल्हा, कलेक्टर कचेरी, जिल्हा परिषद असं चित्र उभं राहतं. इथे त्या जागी ढोबळमानाने काउंटी येते. 'डिस्ट्रिक्ट' या शब्दाचा अर्थ फक्त आखून दिलेला प्रदेश. त्या प्रदेशात एखादं ठरावीक काम करायला वेगळं सरकार उभं केलं की झाला स्पेशल डिस्ट्रिक्ट.

स्थानिक सरकारांचे दोन मोठे गट आहेत. काउंटी, शहर आणि टाउनशिप ही सर्वसाधारण कामांची सरकारं. रस्ते, पोलीस, परवाने, जे पडेल ते काम त्यांचं. दुसरा गट विशेष कामासाठीच्या सरकारांचा, त्यात स्कूल डिस्ट्रिक्ट आणि स्पेशल डिस्ट्रिक्ट येतात. अमेरिकेचा सेन्सस ब्युरो दर पाच वर्षांनी, २ आणि ७ ने संपणाऱ्या वर्षी, या सगळ्यांची मोजदाद करतो. २०२२ च्या मोजदादीत ९०,८३७ स्थानिक सरकारं निघाली. त्यात काउंट्या ३,०३१, स्वतंत्र स्कूल डिस्ट्रिक्ट १२,५४६ आणि स्पेशल डिस्ट्रिक्ट ३९,५५५. म्हणजे निम्म्याहून जास्त सरकारं एखादंच काम करण्यासाठी जन्माला आलेली आहेत.

आपल्या ओळखीतलं जवळचं उदाहरण हवं असेल तर सिडको किंवा एमएमआरडीए घेऊ नका. ती राज्य सरकारने वरून नेमलेली मंडळं. त्यापेक्षा कृषी उत्पन्न बाजार समिती आठवा. काम एकच, क्षेत्र ठरलेलं, संचालक निवडून आलेले आणि खर्चासाठी स्वतःचा सेस. अगदी तंतोतंत जुळत नाही, पण या गोष्टीचा पोत त्यावरून नीट कळतो.

एक गोष्ट सुरुवातीलाच मनावर ठसवून घ्या: या सरकारांच्या हद्दी एकमेकींशी जुळत नाहीत. केटी आयएसडी हा स्कूल डिस्ट्रिक्ट हॅरिस, फोर्ट बेंड आणि वॉलर अशा तीन काउंट्यांत पसरलेला आहे. पत्त्यात 'केटी' लिहिलेली कितीतरी घरं केटी शहराच्या हद्दीत नाहीतच. शेजारच्या कॉलनीतल्या मित्राचं बिल बघून आपल्या बिलाचा अंदाज बांधायला जाऊ नका. मध्ये एक रस्ता असला तरी पलीकडे दुसरा डिस्ट्रिक्ट असू शकतो.

पायरी २: हे सरकार आहे का, ते आधी तपासा

सगळा गोंधळ इथेच होतो, म्हणून इथे जरा थांबू.

सेन्सस ब्युरो तीन कसोट्या लावतो. पहिली, संस्था म्हणून तिला अस्तित्व आहे का? म्हणजे कायद्याने मिळालेले काही अधिकार, करार करण्याची, दावा लावण्याची क्षमता, वगैरे. दुसरी, तिचं स्वरूप सरकारी आहे का? संचालक लोकांनी निवडलेले किंवा सरकारी अधिकाऱ्यांनी नेमलेले, कारभार लोकांपुढे उघडा, कर लावायचा हक्क, अशा खुणांवरून ते ओळखतात. तिसरी, आणि खरी कस लावणारी कसोटी: तिला पुरेशी स्वायत्तता आहे का? आपलं बजेट ती दुसऱ्या कुठल्या स्थानिक सरकारच्या मंजुरीशिवाय ठरवते का? कर किंवा दर स्वतः लावते का? कर्ज स्वतःच्या नावावर काढते का?

आता घराच्या कागदपत्रांत दिसणारी नावं या चाळणीतून काढून बघा.

एचओए, म्हणजे होमओनर्स असोसिएशन, पहिल्याच फेरीत गळते. ती खाजगी संस्था आहे. आपल्या हाउसिंग सोसायटीसारखी वर्गणी घेते, दंडही लावते, पण ती सरकार नव्हे आणि तिची वर्गणी म्हणजे कर नव्हे. तरीही "एचओएच मड चालवते" असं लोक खात्रीने सांगतात. गवत वाढलं म्हणून पत्र येतं ते एचओएकडून. नळाला पाणी येतं ते मडकडून. तक्रार कुणाकडे न्यायची हे त्यावरून ठरतं.

डॅलसच्या उत्तरेला नवीन वस्त्यांमध्ये पीआयडी दिसतो, पब्लिक इम्प्रूव्हमेंट डिस्ट्रिक्ट. नावात डिस्ट्रिक्ट आहे, तुम्ही पैसेही भरता. पण तो शहराने किंवा काउंटीने स्थापलेला असतो आणि आकारणी किती करायची हे तीच ठरवते. त्याला स्वतःचं वेगळं सरकार नाही.

कॅलिफोर्नियातला मेलो-रूस हा असाच प्रकार. १९७८ च्या प्रपोझिशन १३ ने मालमत्ता कराला लगाम घातला, तेव्हा नव्या वस्त्यांच्या शाळा आणि रस्ते कुठल्या पैशातून बांधायचे हा प्रश्न उभा राहिला. १९८२ च्या मेलो-रूस कायद्याने 'कम्युनिटी फॅसिलिटीज डिस्ट्रिक्ट' काढण्याची वाट दिली. अर्व्हाइनसारख्या ठिकाणी घर बघताना एजंट हे नाव हमखास घेतो. पण शहर, काउंटी किंवा शाळा यांनी पैसा उभा करण्यासाठी आखलेली ती एक चौकट आहे. स्वतंत्र सरकार म्हणून तिची गणना होत नाही.

उलट बाजूचं उदाहरण न्यू यॉर्क-न्यू जर्सीचं. जर्सी सिटीहून पाथ ट्रेनने मॅनहॅटनला जाणारे आपले कितीतरी लोक रोज पोर्ट ऑथॉरिटीच्या गाडीत बसतात. १९२१ साली दोन राज्यांच्या कराराने ती जन्मली. दोन्ही राज्यांचे गव्हर्नर प्रत्येकी सहा कमिशनर नेमतात. तिला कर लावायचा अधिकार नाही. पूल, बोगदे, विमानतळ यांच्या उत्पन्नावर तिचा कारभार चालतो. नावात 'डिस्ट्रिक्ट' हा शब्दही नाही. तरी सेन्ससच्या यादीत ती स्पेशल डिस्ट्रिक्ट आहे, कारण आपला कारभार आणि आपली तिजोरी ती स्वतः सांभाळते.

तेव्हा नावाकडे बघू नका, तिजोरीची किल्ली कुणाकडे आहे ते बघा. हा सगळा लेख त्या एका वाक्यासाठी लिहिला तरी चालेल.

पायरी ३: निर्णय घेणारी माणसं शोधा

स्वतंत्र की आश्रित, हा वर्गीकरणातला सगळ्यात उपयोगी भेद. मंडळावर कोण बसतं त्यावरून तो बहुतेक वेळा उलगडतो.

माझ्या मडला स्वतःचे पाच संचालक आहेत, चार वर्षांसाठी निवडून आलेले. हा सरळसरळ स्वतंत्र. पण माझ्याच बिलावर आणखी एक ओळ आहे, फोर्ट बेंड काउंटी ड्रेनेज डिस्ट्रिक्ट. त्याचा कर वेगळा, नाव वेगळं. त्याच्या मंडळावर कोण बसतं? काउंटीचं कमिशनर्स कोर्ट. म्हणजे काउंटीचा कारभार पाहणारी तीच माणसं डोक्यावरची टोपी बदलून ड्रेनेजचे निर्णय घेतात. नाल्याबद्दल बोलायचं तर तुमच्या भागाच्या काउंटी कमिशनरकडे जावं लागेल, वेगळा संचालक शोधत बसू नका.

शाळांच्या बाबतीतही हाच भेद आहे. टेक्ससच्या आयएसडीमधला 'आय' म्हणजेच इंडिपेंडंट. व्हर्जिनिया, मेरीलँड आणि नॉर्थ कॅरोलिनात मात्र शाळा काउंटीच्या किंवा शहराच्या बजेटवर अवलंबून असतात, म्हणून सेन्सस त्यांना वेगळं सरकार धरत नाही. न्यू यॉर्क शहराचंही तसंच. हवाईत तर शाळा थेट राज्य सरकार चालवतं. व्हर्जिनियातल्या फेअरफॅक्सहून केटीला बदली झालेल्या कुटुंबाला बिलावर शाळेचा कर अचानक वेगळा दिसतो, त्याचं मूळ यात आहे. आणि हो, कम्युनिटी कॉलेजची ओळ दिसली तर तिला स्कूल डिस्ट्रिक्टच्याच खात्यात टाका. सेन्ससही तेच करतो.

इथे एक सावधगिरी. सेन्ससची व्याख्या देशभर एक, पण प्रत्येक राज्याची स्वतःचीही व्याख्या असते आणि दोन्ही जुळतीलच असं नाही. त्यामुळे एकाच राज्यात किती डिस्ट्रिक्ट आहेत याचे दोन वेगळे आकडे दिसले तर गोंधळून जाऊ नका. मोजणाऱ्यांच्या चाळण्या वेगळ्या आहेत, एवढाच त्याचा अर्थ.

पायरी ४: काम एक की अनेक

ही पायरी सोपी. बहुतेक स्पेशल डिस्ट्रिक्ट एकच काम करतात: आग विझवणं, पाणीपुरवठा, सांडपाणी, ग्रंथालय, बाग, इस्पितळ, कालवे, विमानतळ, दफनभूमी. कॅलिफोर्नियाच्या अलामेडा काउंटीत केवळ डासांचा बंदोबस्त करणारा डिस्ट्रिक्ट आहे. शिकागोत सांडपाण्यासाठी १८८९ साली स्थापन झालेल्या डिस्ट्रिक्टने १९०० मध्ये अख्ख्या शिकागो नदीचा प्रवाह उलटा फिरवला, शहराची घाण पिण्याच्या पाण्याच्या तळ्यात जाऊ नये म्हणून. त्याचे नऊ कमिशनर आजही मतदार निवडून देतात.

अनेक कामं करणाऱ्यांत आमचं मड मोडतं: पिण्याचं पाणी, सांडपाणी, पावसाच्या पाण्याचा निचरा, कुठे बागा, कुठे कचरा उचलणंही. ब्राझोस नदीच्या आसपास घर घेणार असाल तर बिलावर 'एलआयडी' दिसू शकतो. तो लेव्ही इम्प्रूव्हमेंट डिस्ट्रिक्ट, म्हणजे पुराचं पाणी अडवणारा बांध आणि पंप सांभाळणारा. हार्वी वादळात २०१७ साली ज्यांनी रात्रभर जागून पाण्याची पातळी बघितली, त्यांना या ओळीचं मोल सांगावं लागत नाही.

पायरी ५: पैसा कुठून येतो, आणि तो किती वर्षं येत राहणार

खिशाला भिडणारा भाग हा, म्हणून हिशोबच मांडतो.

उत्पन्नाच्या वाटा मुख्यतः तीन. मालमत्तेच्या किमतीवर कर, वापरावर दर (पाण्याचं बिल, पुलाचा टोल), आणि सुधारणेचा फायदा मिळणाऱ्या प्रत्येक प्लॉटवर ठरावीक आकारणी. कॅलिफोर्नियात यावरूनच दोन वर्ग करतात. दरांवर चालणारे ते एंटरप्राइझ, करांवर चालणारे ते नॉन-एंटरप्राइझ. हा भेद इन्कम टॅक्स भरतानाही आडवा येतो. किमतीवर आधारलेला कर साधारणपणे वजावटीत धरता येतो, पण सुधारणेची ठरावीक आकारणी बहुधा नाही. तुमच्या सीपीएला, म्हणजे इथल्या सीएला, बिलाची प्रत द्या, नुसती बेरीज देऊ नका.

आता मड. टेक्ससमध्ये कराचा दर शंभर डॉलर किमतीमागे सांगतात. समजा, घराची करपात्र किंमत ४,००,००० डॉलर आहे आणि मडचा दर ०.७० आहे. चार लाखांत शंभराचे चार हजार हिस्से, त्याला ०.७० ने गुणलं की वर्षाला २,८०० डॉलर. दरमहा २३३ च्या वर. हा शाळेच्या आणि काउंटीच्या कराशिवायचा आकडा. घराचा मासिक हप्ता काढताना हे विसरलात तर बजेट तिथेच कोलमडतं.

त्या ०.७० चे पुन्हा दोन तुकडे असतात. एक देखभालीचा, दुसरा कर्ज फेडण्याचा. वस्ती उभारताना रस्त्याखालची पाण्याची आणि सांडपाण्याची लाइन बिल्डर आधी स्वतःच्या पैशाने टाकतो. पुढे मड कर्जरोखे काढून त्याचा खर्च परत करतं आणि ते कर्ज घरमालक करातून फेडतात. त्यामुळे नव्या कोऱ्या वस्तीत दर चढा असतो. घरं वाढत गेली, जुनं कर्ज फिटत आलं की तो उतरू शकतो. 'शकतो' हा शब्द नीट ऐका. विक्री करणारा "काही वर्षांत मड संपून जातं" असं सांगेल. देखभालीचा भाग तर राहतोच, आणि मंजूर असलेले सगळे रोखे अजून काढलेले नसतील तर कर्ज पुन्हा वाढतं.

हे ताडून बघायचा कागद तुमच्या हक्काचा आहे. टेक्ससच्या कायद्याप्रमाणे मडमधलं घर विकणाऱ्याने करार होण्याआधी तुम्हाला एक नोटीस द्यायची असते. तिच्यात चालू दर, किती रोख्यांना मंजुरी आहे आणि त्यातले किती काढून झाले हे लिहिलेलं असतं. शेवटच्या दोन आकड्यांमध्ये मोठं अंतर असेल तर पुढे आणखी कर्ज येऊ शकतं असं समजा. सह्यांच्या गठ्ठ्यात हे पान पटकन उलटलं जातं. आमच्या वेळी मीही सही केली होती, वाचलं मात्र नव्हतं.

इमर्जन्सी सर्व्हिसेस डिस्ट्रिक्टची ओळ असेल तर तिची फार चिंता करू नका. रुग्णवाहिका आणि अग्निशमनाच्या त्या कराला टेक्ससच्या घटनेनेच शंभर डॉलरमागे १० सेंटची मर्यादा घातली आहे.

पायरी ६: जन्म कसा झाला, मत कुणाला

स्पेशल डिस्ट्रिक्टला जन्म द्यायच्या वाटा अनेक. राज्याचा सर्वसाधारण कायदा असतो, त्याच्या अटी पुऱ्या केल्या की डिस्ट्रिक्ट काढता येतो. नाहीतर विधिमंडळ एकाच डिस्ट्रिक्टसाठी खास कायदा करतं. डिस्नीसाठी फ्लोरिडाने १९६७ साली असाच रीडी क्रीक इम्प्रूव्हमेंट डिस्ट्रिक्ट केला. २०२३ मध्ये विधिमंडळाने त्याचं नाव बदललं आणि मंडळ नेमायचा अधिकार गव्हर्नरकडे दिला.

सर्वसाधारण कायद्याचं जुनं उदाहरण कॅलिफोर्नियाचं. १८८७ च्या राइट कायद्याने शेतकऱ्यांना एकत्र येऊन सिंचनाचा डिस्ट्रिक्ट काढायची मुभा मिळाली आणि टर्लॉक इरिगेशन डिस्ट्रिक्ट उभा राहिला. आपल्याकडे कालव्याच्या लाभक्षेत्रात पाणीवापर संस्था बघितलेल्या माणसाला ही कल्पना चटकन कळते. इथे फरक एवढाच की कर्ज आणि कर यांची ताकदही तिच्या हातात दिली गेली.

मताचा प्रश्न मला मनापासून बोचतो. मड स्थापन होतं तेव्हा तिथे बहुधा मोकळं रान असतं. अर्ज जमीनमालकाचा असतो आणि कोट्यवधी डॉलरच्या रोख्यांना मंजुरी देणारे मतदार मोजके असतात. फेडणारी हजारो कुटुंबं मागाहून राहायला येतात. काही पाणी डिस्ट्रिक्टांमध्ये तर मत जमिनीच्या किमतीच्या प्रमाणात असतं. १९७३ साली कॅलिफोर्नियातल्या टुलेअरी लेक बेसिनच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ही पद्धत वैध ठरवली. 'एका माणसाला एक मत' हा नियम इतक्या मर्यादित कामाच्या डिस्ट्रिक्टला लागू होत नाही, असं बहुमताचं म्हणणं पडलं.

आपल्यापैकी अनेकजण एच-१बी किंवा ग्रीन कार्डवर आहेत. कर पूर्ण, मत नाही. पण बैठकीला जाऊन बोलायला नागरिकत्व लागत नाही, आणि घरात कुणी नागरिक असेल तर संचालकांची निवडणूक चुकवू नका. टेक्ससमध्ये ती सम वर्षी होते, बहुतेक ठिकाणी मे महिन्यात, काही ठिकाणी नोव्हेंबरात. उमेदवारच जास्त नसले तर निवडणूक रद्द करून आहेत त्यांनाच निवडून आलेलं धरतात, आणि असं वारंवार होतं.

पायरी ७: शोधा, विचारा, जाऊन बसा

घर पक्कं करण्याआधी अप्रेझल डिस्ट्रिक्टच्या साइटवर पत्ता टाका. अप्रेझल डिस्ट्रिक्ट फक्त किंमत ठरवतो, कर लावत नाही, पण त्या घरावर कर लावणाऱ्या सगळ्यांची यादी तिथे दिसते. यादीतलं प्रत्येक नाव घेऊन वरच्या पायऱ्या लावा. टेक्ससमध्ये पाण्याच्या डिस्ट्रिक्टांची नोंद राज्याचं पर्यावरण खातं, टीसीईक्यू, ठेवतं आणि राज्याचा कर आणि हिशोब पाहणाऱ्या कम्प्ट्रोलरकडेही स्पेशल डिस्ट्रिक्टांची माहिती मिळते. फ्लोरिडात राज्याची अधिकृत यादी आहे. कॅलिफोर्नियात काउंटीच्या लाफकोला विचारा, डिस्ट्रिक्टच्या हद्दी ठरवणारी ती संस्था.

मग बिलं मोजा. किती पाकिटं येणार आणि कोणतं कोण पाठवणार, हे क्लोजिंगच्या, म्हणजे घराचा व्यवहार पुरा होण्याच्या, दिवशीच विचारून घ्या. बँक एस्क्रोतून, म्हणजे हप्त्याबरोबर करासाठी बाजूला काढलेल्या पैशातून, कर भरत असेल तर मडचं बिल त्यात धरलं आहे ना, हे लेखी मागा. कॅलिफोर्नियात दोन हप्ते असतात, १० डिसेंबर आणि १० एप्रिल या शेवटच्या तारखा.

आणि एकदा तरी बैठकीला जा. मी गेलो तो एका वकिलाच्या ऑफिसमधला कॉन्फरन्स रूम होता, भर दुपारी. पाच संचालक, वकील, इंजिनिअर, हिशोबनीस, टॅक्स कलेक्टर, पाण्याचा प्लांट चालवणारा ऑपरेटर. प्रेक्षक मी एकटा. ऑपरेटरने आधी सांगितलं की महिन्याभरात किती गॅलन पाणी उपसलं आणि किती गॅलनची बिलं निघाली. दोन्हींतल्या फरकावर पंधरा मिनिटं चर्चा झाली, गळती नेमकी कुठल्या रस्त्याखाली असेल यावर. त्यातला एक रस्ता आमचा होता. अध्यक्षांनी मला विचारलं, "तुमच्याकडे पाण्याचा दाब कमी झालाय का?" झाला होता, वरच्या मजल्यावरच्या शॉवरला. ऑपरेटरने घराचा नंबर लिहून घेतला, आणि दुसऱ्या आठवड्यात आमच्या कोपऱ्यावर खोदकाम सुरू झालं.